दगडावरची रडवी बाई

त्सोनाआजीला फोटो बदलून हवा होता. भिंतीवरचा नव्हे, तिच्या कबरीवरचा.

कबर तयार आहे. आजीचे यजमान मेतोदीआजोबा गेले तेव्हा त्यांच्या मुलाने, कामेनने, दोघांचा मिळून एकच दगड उभा केला. आमच्या गावात बहुतेक जण तेच करतात. डावीकडे चिनीमातीच्या लंबगोलावर भाजलेला आजोबांचा फोटो, खाली जन्माचं आणि मृत्यूचं साल. उजवीकडे तसाच लंबगोल आजीचा. खाली जन्माचं साल, एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे कोरी जागा.

"कोऱ्या जागेचं मला काही वाटत नाही," आजी म्हणायची. "ती भरेल तेव्हा भरेल. पण ती बाई बघवत नाही गं."

ती बाई म्हणजे आजीच. आजोबांना पुरल्यानंतर थोड्याच दिवसांत तिला ओळखपत्रासाठी फोटो काढावा लागला होता. काळा रुमाल कपाळावर ओढलेला, पापण्या सुजलेल्या, ओठ आत गेलेले. कामेनने दगड करणाऱ्याला नेमका तोच फोटो दिला.

"मी स्मशानात जाते, मेतोदीच्या डोक्याशी रिवाजाची वाईन ओततेय न ओततेय तोच ही रडवी माझ्याकडे बघायला लागते. एवढं आयुष्य काढलं. त्यात रडण्याचे दिवस किती? आणि काळ्या दगडावर काय उरणार, तर तेवढेच?"

बदलू, बदलू म्हणत वर्षं गेली. या हिवाळ्यात मात्र आजी अंगणातल्या बर्फावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, चालायला आधाराची चौकट मिळाली, आणि कामेनने ठरवलं की आता तिला एकटं ठेवायचं नाही. रविवारी तो येऊन तिला सोफियाला, राजधानीतल्या आपल्या घरी, नेणार होता. सोफियातून ती परत येईल ती कशी येईल, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने मला फोन केला.

"स्नेझिना, तुझा तो कॅमेरा घेऊन ये. मला माणसासारखा फोटो हवाय. शनिवारपर्यंत."

मी शाळेत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवते. कॅमेरा शरद ऋतूत घेतला होता, वापरलेला, आणि त्याच्यावर चढवायचा फ्लॅशही. तोवर मी गोगलगायी आणि काचेवरचं हिम यांचे फोटो काढले होते. दोन्ही गोष्टी तक्रार करत नाहीत.

"आजी, मला माणसांचे फोटो जमत नाहीत. फोनवर काढला तर?"

"सुनेने काढला होता फोनवर. सगळी खोली भरून माझं नाक! तू ये."

मी जाण्याआधी लचेझारला विचारलं. शहरातल्या वाचनालयात तो आम्हा हौशी लोकांना छायाचित्रण शिकवतो. त्याच्या नावाचा अर्थ किरण पसरवणारा असा आहे, आणि तो हे नाव गंभीरपणे घेतो.

"खिडकीजवळ बसव," तो म्हणाला.

"खिडकी ताटाएवढी आहे. भिंत हातभर जाड. बाहेर फेब्रुवारीचं धुकं."

"मग वसंतापर्यंत थांब."

"थांबता येत नाही. माझ्याकडे फ्लॅश आहे."

"बाई, फ्लॅश म्हणजे तोंडावर मारलेली चपराक. ज्याला उजेड बघता येत नाही तो फ्लॅश लावतो. त्यापेक्षा न काढलेला फोटो बरा."

मी वाद घालत नाही. फोन ठेवला आणि फ्लॅशमध्ये नव्या बॅटऱ्या घातल्या. उजेडाला कुळ नसतं. तो सूर्यातून आला की बॅटरीतून, हे चेहऱ्याला कळत नाही. तो किती रुंद जागेतून आणि कुठल्या बाजूने आला, एवढंच चेहरा दाखवतो. हे मी मुलांना दरवर्षी सांगते. स्वतः करून मात्र कधी पाहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी आजी भिंतीला पाठ लावून बसली होती. लाल लोकरी जाकीट, डोक्यावर काही नाही, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. बाजूला चूल, वरच्या कोपऱ्यात काचेमागे संत निकोलाची तसबीर. सामान बांधून दाराशी ठेवलेलं होतं.

"रुमाल नको?" मी विचारलं.

"रुमाल त्या रडवीला दिलाय."

मी फ्लॅश सरळ तिच्या तोंडावर रोखला आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितलं आणि तो तिच्यापासून लपवायचा प्रयत्न केला.

"आण इकडे."

कपाळ आणि नाक तेल लावल्यासारखं पांढरं चमकत होतं. डोळे सशासारखे लाल. तसबिरीच्या काचेत स्फोट झाला होता. आणि आजीच्या मागे, भिंतीवर, तिच्याच आकाराची काळीकुट्ट सावली चिकटून उभी होती.

आजीने चष्मा लावून सगळं नीट पाहिलं.

"ही तर मेलीय. आणि मागे तिचं भूत उभं आहे. संत निकोलासुद्धा पळून गेला."

लचेझारची चपराक मला आठवली. पण चूक फ्लॅशची नव्हती. एवढ्याशा काचेतून, डोळ्याच्या रेषेत, समोरून आलेला उजेड दुसरं काय करणार? सावलीची कड धारदार, कारण उजेडाचं भोक लहान. सावली भिंतीवर, कारण पाठीला भिंत. डोळे लाल, कारण उजेड बुबुळातून आत जाऊन, डोळ्यामागच्या लाल पडद्यावरून सरळ माझ्याकडे परत आला. यातलं एकही कोडं नव्हतं.

मी आजीची खुर्ची खोलीच्या मध्यावर ओढली. फ्लॅशचं डोकं फिरतं; ते वर, छताकडे केलं. उजेड छतावर पसरेल आणि छतच एक मोठा दिवा होईल, असा हिशेब होता. खोलीतला दिवाही थोडा फोटोत यावा म्हणून कॅमेऱ्याचं शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवायचं ठरवलं.

"तयार?" मी विचारलं.

आजीने मान डावी-उजवीकडे हलवली, आमच्याकडे म्हणजे हो. मी त्याच क्षणी बटण दाबलं.

फोटोत आजीला दोन नाकं होती. एक फ्लॅशने पकडलेलं, दुसरं दिव्याच्या उजेडात सरकत गेलेलं. शिवाय चेहरा हिरवा. हलका, सपाट, ओला हिरवा.

"अगं, ही तर काकडीबरोबर बरणीत घातलेली," आजी म्हणाली.

मी वर पाहिलं. छताच्या फळ्यांना पिस्त्याच्या रंगाचा तेलरंग होता. उजेड ज्याला शिवतो त्याचा रंग घेऊन येतो. हेही मी दरवर्षी शिकवते.

"मेतोद्या!" आजी छताकडे बघून ओरडली. "सांगितलं होतं ना पांढरा लाव म्हणून? सहकारी संस्थेत फुकट मिळाला तो फासलास. अजून छळतोयस मला!"

'तयार?' विचारायचं नाही, हे मी मनात लिहून ठेवलं. आमच्या माणसांना हो म्हणायला सगळं डोकं लागतं. शटरही झटकन मिटेल असं केलं. पुढचा फोटो एकाच नाकाचा आला. पण हिरवा, आणि भुवयांखाली डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. उजेड नेमका डोक्यावरून पडत होता. फोटो काळा-पांढरा करून हिरवा रंग काढून टाकता आला असता. खड्डे कसे काढणार? आणि आजीला लाल जाकीट लालच हवं होतं.

"मला काहीतरी मोठं आणि पांढरं पाहिजे," मी म्हणाले. "बाजूला धरायला. चादर आहे?"

"फुलाफुलांच्या आहेत. त्याही बांधल्या." ती दाराकडच्या सामानाकडे बघत राहिली. मग मान डावी-उजवीकडे हलली, स्वतःशीच. "कपाटाचा सगळ्यात खालचा खण. निळं बोचकं."

मला ठाऊक होतं ते काय आहे. प्रत्येक म्हातारीकडे असतं. मरणाचं बोचकं. त्यात नवे मोजे, एकदाही न घातलेले बूट, गडद रंगाचा झगा, मेणबत्त्या, आणि शवपेटीत अंगावर घालायचं कापड. वर्षातून एकदा ऊन दाखवतात, एरवी कुणी हात लावत नाही.

"आजी, ते नको."

"का?"

"वेळेआधी उघडलं की मृत्यूला बोलावल्यासारखं होतं म्हणतात."

"तू तर विज्ञान शिकवतेस."

"मी माझ्यासाठी नाही म्हणत."

"येऊ दे की तो. फाटक गोठलंय. बसेल ढकलत." ती चौकटीला धरून उभी राहू लागली. "काढतेस की मी काढू?"

मी काढलं. कापड तिने लग्नाआधी आईच्या मागावर विणलं होतं. जाड, दुधासारखं पांढरं, पलंगापेक्षा लांब. अक्रोडाच्या सुक्या पानांचा वास त्यातून उठला. पांढऱ्यातही प्रकार असतात. दुकानातल्या चादरींना निळी छटा असते. याला कसलीच नव्हती. माझ्यातल्या शिक्षिकेने आधी ते पाहिलं, बाकीचं नंतर.

कापड टांगायला जागा नव्हती. एक टोक मी कपाटाच्या दाराला अडकवलं, दुसरं हातात धरून उभी राहिले. मग कॅमेरा कोण धरणार, हा विचार करत होते, तेवढ्यात दार उघडलं आणि कामेन आत आला.

तो पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, सोफियात लिफ्टची दुरुस्ती करतो. घाटात बर्फ पडणार म्हणून एक दिवस आधी निघाला होता. उंबरठ्यावरून त्याला फक्त मी दिसत होते, हातात ते कापड. आजीची खुर्ची कापडाआड होती.

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. टोपी हातात आली.

"कधी?" त्याने विचारलं.

"काय कधी?" कापडामागून आजी म्हणाली. "दार लाव, ऊब जाते."

कामेन सामानावर मटकन बसला. थोड्या वेळाने त्याला आवाज फुटला, आणि मग तो मोठाच फुटला.

"आई, हे काय चाललंय? डोकं उघडं, लाल जाकीट, आणि ते कापड बाहेर! बाई, तुम्ही तरी शिकलेल्या!"

"ती फोटो काढतेय. दगडासाठी. मी हसणार आहे."

"कबरीवर? दात दाखवून?"

"माझेच आहेत. त्यातला एक सोन्याचा. तुझ्या बापाने हौसेने बसवून दिला, बघू दे त्याला."

"गाव हसेल!"

"हसू दे. त्या दगडापाशी कोणी तरी हसेल एकदाचं."

"मेलेली माणसं हसत नाहीत, आई."

"मी मेले नाही, कामेन."

चुलीत लाकूड तडकलं. मी कापडाचं टोक धरून उभी होते. असं उभं असताना कुठे बघावं हे कळत नाही.

"तो फोटो मी मुद्दाम नव्हता दिला," कामेन म्हणाला. आवाज खाली आला होता. "सगळे खण उपसले होते त्या दिवशी. एकाही फोटोत तू एकटी नव्हतीस. एकातही नाही. लग्न असो, बारसं असो, तू कडेला, अर्धी, हातात ताट. कुणाला तरी वाढतेयस. चेहरा असा एकच होता. सरकारने काढलेला."

आजीने हात मांडीवर ठेवले, मग ते नीट सरळ केले.

"मग आता बसलेय ना एकटी," ती म्हणाली. "आज मी कुणाला काही वाढणार नाही. ऊठ. धर ते कापड."

"मी नाही धरणार. जिवंत माणसाने ते धरायचं नसतं."

"नाव कामेन ठेवलं, दगड. अगदी दगड निघालास."

"तूच ठेवलंस."

"चुकले. धर."

त्याने धरलं. रागाने धरलं, दोन्ही हात वर ताणून, एवढे की तो सगळा कापडामागे गेला. बाहेर राहिली फक्त वर बोटं आणि खाली बूट. मी त्याला आजीच्या डाव्या हाताला उभं केलं, थोडं पुढे, मग आणखी जवळ.

"अजून जवळ या."

"ती काय खाणार आहे का मला?" कापड म्हणालं.

"जवळ आलात की उजेड रुंद होतो. रुंद झाला की मऊ होतो."

कॅमेऱ्याचं तोंड मी आजीकडे केलं आणि फ्लॅशचं तोंड तिच्यापासून वळवून कापडाकडे. आजीला ते चुकलंय असं वाटलं.

"अगं, फोटो माझा काढायचाय, त्याचा नव्हे."

"तुमचाच निघतोय. इकडे बघा."

तिने बघितलं. ताठ, शाळेच्या पहिल्या दिवसासारखं. मी एक फोटो काढला. उजेड बरोबर होता, हिरवा गेला होता, खड्डे गेले होते. पण ओठ आत ओढलेले होते. काळा रुमाल तेवढा नव्हता, बाई तीच.

हसा म्हटलं की माणूस दात दाखवतो, हसत नाही. मी डोळा कॅमेऱ्याला लावून थांबून राहिले.

"बघ गं," आजी डोळ्यांच्या कोपऱ्यातून कापडाकडे बघत म्हणाली, "भूत आलंय. सोफियाचे बूट घालून."

"आई, गप्प बस. पानांचा वास नाकात जातोय."

"भुताला नाक असतं?"

आणि भूत शिंकलं. सगळं कापड फुगलं आणि बसलं.

"आयुष्मान भव!" आजी म्हणाली. मढ्यावर घालायच्या कापडाला तिने दीर्घायुष्याचा आशीर्वाद दिला, ते तिच्याच ध्यानात आलं, आणि मान मागे टाकून ती हसली.

मी 'तयार?' विचारलं नाही.

फोटो पडद्यावर आला तेव्हा आधी मी एकटीनेच पाहिला. उजेड डावीकडून, खिडकीतून यावा तसा, पण आमच्या गावात नसलेल्या एका मोठ्या खिडकीतून. उजवा गाल हळूहळू सावलीत जात होता. कुठे कड नव्हती. सुरकुत्या सगळ्या होत्या, एकही खोदलेली नव्हती. मागची भिंत शांत, रिकामी. दोन्ही डोळ्यांत एकेक लहानसा पांढरा चौकोन. सोन्याचा दात लखलखत होता.

आजीने चष्मा लावला.

"हं," ती म्हणाली. "हिच्याशी माझं पटतं."

कामेन कापडाची घडी करत आला, वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं.

"डोळ्यांत ते पांढरं काय आहे?"

"कापड," मी म्हणाले.

त्याने पुन्हा बघितलं. मग घडी आणखी लहान केली, कोपऱ्यावर कोपरा बसवून, आणि बोचक्यात ठेवली. "फोटो चांगला आहे," तो म्हणाला. "सोफियात भिंतीवर लावू. दगडावर मी नाही बसवणार."

"तू नको बसवूस," आजी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना तिने मेतोदीआजोबांचा पेचकस माझ्या कोटाच्या खिशात घातला. कामेन सामान चढवत होता. आजीने माझ्याकडे बघून मान डावी-उजवीकडे हलवली.

त्या आठवड्यात मी तो फोटो लचेझारच्या वर्गात नेला. त्याने तो भिंतीवर लावला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. "बघा. वाट बघितली की काय मिळतं ते. खिडकीचा उजेड कसा वळतोय गालावरून! बाई, कोणत्या दिशेची खिडकी?"

"खिडकी नव्हती. फ्लॅश होता," मी म्हणाले. "आणि पेटीत घालायचं कापड."

वर्गातलं कुणीतरी हसलं. लचेझार म्हणाला की अपवाद असतात. मी म्हणाले की हा अपवाद नाही, परावर्तन आहे, आणि फोटो भिंतीवरून काढून पिशवीत ठेवला.

चिनीमातीवर फोटो भाजणाऱ्यानेही एकदा विचारलं, "नक्की हाच? हसरा मला आजवर कुणी आणून दिला नाही. एकदा भाजला की पुसता येत नाही."

"म्हणूनच तर," मी म्हणाले.

मृतांच्या शनिवारी, गेलेल्यांच्या स्मरणाच्या दिवशी, सगळं गाव स्मशानात असतं. थडग्याथडग्यांवर उकडलेला गहू, वाईन, मेणबत्त्या. मी मुद्दाम तोच दिवस निवडला. रिकाम्या स्मशानात जाऊन हे करता आलं असतं. पण मग ते चोरी केल्यासारखं झालं असतं. मी सगळ्यांदेखत दगडापुढे गुडघे टेकले आणि पितळी स्क्रू फिरवायला लागले. स्क्रू हिरवे पडून घट्ट बसले होते. बायका गहू वाटायच्या थांबल्या.

"बाई, काय करताय?"

"त्सोनाआजीने सांगितलंय."

"अरे देवा, ही तर हसतेय! कुणाला हसतेय?"

"तुम्हालाच, बहुतेक."

एकीने छातीवर क्रूस काढला. दुसरी जवळ आली, तिसरी तिला ढकलून पुढे आली. मी शेवटचा स्क्रू आवळला, नव्या चेहऱ्यावरची माझ्या बोटांची धूळ पुसली आणि मेतोदीआजोबांच्या डोक्याशी वाईन ओतली. जुना लंबगोल रुमालात गुंडाळून दुसऱ्याच दिवशी सोफियाच्या बसने पाठवून दिला. त्याचं काय करायचं ते आजीनेच ठरवायचं होतं.

तिचा फोन आला तो कॉफीच्या वेळी. मागे भांड्यांचा आवाज होता.

"कामेनला कुणीतरी कळवलं. दोन दिवस बोलत नव्हता. आज बोलला. म्हणे, दात जरा जास्तच चमकतोय का?"

"आणि ती कुठेय? रडवी?"

"इथे, टेबलावर. आकार अगदी बेताचा आहे गं. कॉफीचं गरम भांडं ठेवते तिच्यावर, टेबलाला डाग पडत नाही. काल सून विचारत होती, ही बाई कोण म्हणून."

"मग?"

"म्हटलं, होती एक शेजारीण. फार रडायची."